पत्ता खालून वाचायचा

आबांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. दुकानाच्या पायऱ्या चढायच्या आधीच खालून आवाज यायचा, "चार-एक-दोन, आठ-शून्य-तीन! हायसा का?"

हा वाईचा पिनकोड. वाई माझं माहेर. पहिल्या दिवशी मी त्यांना एवढी एकच माहिती दिली आणि माझं नावगाव सगळं तिथेच संपलं. एकदा मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "आबा, निदान सातारकर तरी म्हणा. माझा जिल्हा सातारा आहे." त्यावर ते मनापासून हसले.

"सातारा म्हंजे चार-एक-पाच. तुमचं चार-एक-दोन. म्हंजे तुमची पिशवी पुन्याची. नकाशात तुमी साताऱ्याच्या आसाल, टपालात न्हाई."

कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या मुलीला कुणी पुण्याची म्हटलं की तिचं जे होतं तेच माझं झालं. दोन दिवस मी त्यांना चहा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी तेच कोपऱ्यावरून दोन कप घेऊन आले आणि एक माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "घ्या, पुनेकर."

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि सांगलीत आमचं ई-मेल केंद्र होतं. आज हे सांगितलं की घरातली मुलं हसतात. ई-मेलचं केंद्र कशाला लागतं, असं विचारतात. तेव्हा लागायचं. एक संगणक, एक मोडेम, एक फोन आणि चाळीस गिऱ्हाइकांत मिळून एकच ई-मेल पत्ता. त्यात हळदवाले होते, बेदाणेवाले होते, द्राक्षं परदेशी धाडणारे होते आणि मुलं अमेरिकेत असलेल्या चार-पाच आयाही होत्या. सगळ्यांचं टपाल त्या एकाच पत्त्यावर यायचं. विषयाच्या ओळीत ज्याचं नाव, त्याचं ते पत्र. आमचं खातं पुण्यातल्या एका मोठ्या मशिनवर होतं. सकाळ-संध्याकाळ तिथे फोन लावायचा, टपाल उतरवून घ्यायचं, छापायचं आणि ज्याचं त्यानं येऊन न्यायचं. नवरा कॉलेजात शिकवायला जायचा, त्यामुळे केंद्र म्हणजे मी. संगणकाची पदवी माझ्याकडे होती आणि ती मी भिंतीवर चौकटीत लावलीही होती.

आबा त्या चौकटीखाली एके दिवशी येऊन उभे राहिले. धोतर, खादीचा सदरा, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. मूळचे आटपाडीचे. सारी नोकरी रेल्वेच्या टपालडब्यात सॉर्टर म्हणून गेलेली. धावत्या गाडीत उभं राहून पत्रांची वर्गवारी करायची, स्टेशन आलं की पिशवी खाली द्यायची. निवृत्त होऊन मुलाकडे सांगलीत राहायला आले आणि तीन महिन्यांत घरातल्यांना नकोसे झाले, कारण त्यांना स्थिर पलंगावर झोप यायची नाही. मुलानं झोपाळा आणला तेव्हा कुठे घर शांत झालं.

"तिकिट न लावता पत्र जातं म्हनं तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.

"जातं."

"मग शिक्का कशावर मारता?"

"शिक्का नसतो, आबा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाचच गुन्हा केल्यासारखं वाटलं. "शिक्का न मारलेलं टपाल म्हंजे अफवा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बनवून घेतलेला तारखेचा गोल शिक्का घेऊन आले. तेव्हापासून आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक छापील ई-मेलवर जांभळा शिक्का असायचा. एका बेदाणेवाल्यानं तर शिक्का पुसट उठला म्हणून पत्र परत आणून दिलं होतं.

महिन्याभरात त्यांनी मिरजेच्या सुताराकडून चाळीस खणांची एक फळी करून आणली आणि ती काउंटरमागे भिंतीसारखी उभी केली. फळीच्या मागून ते टपाल भरायचे, पुढून गिऱ्हाईक काढून न्यायचं. अंगठ्याला सॉर्टरचं रबरी टोपण घालायचे आणि संगणकाच्या कळाही तेच टोपण घालून दाबायचे. मोडेम किंचाळायला लागला की खुर्चीवरून उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "गाडी आली." टपाल पूर्ण उतरेपर्यंत बसायचे नाहीत. मी सांगून पाहिलं की उभं राहिल्यानं टपाल लवकर उतरत नाही. ते म्हणाले, "बसल्यानं तरी कुठं उतरतंय?"

मग कचरा सुरू झाला. घरबसल्या श्रीमंत व्हा, टक्कल घालवा, वजन घालवा. आधी दिवसाला दोन, मग दहा, मग तीस. मी ते वाचल्याबरोबर खोडून टाकायची, पण मी नसले की आबा तेही छापायचे, शिक्का मारायचे आणि खणात घालायचे. टपाल ते टपाल. एकदा टकलावरच्या रामबाण औषधाचं पत्र नेमकं हळदीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या खणात पडलं. त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. दुकानभर लोक असताना त्यांनी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला थांबले. पुढचे आठ दिवस त्यांचा माणूस टपाल न्यायला आला, ते आले नाहीत.

कचऱ्याची चेष्टा ठीक होती, पण त्यानं फोनची लाइन अडायला लागली. सकाळचं टपाल उतरायला पाऊण तास लागू लागला आणि द्राक्षवाले काउंटरवर बोटं वाजवू लागले. पुण्याच्या मशिनवर नियम लिहून ठेवायची सोय होती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात अमुक आढळलं तर पत्र तिथल्या तिथेच कचऱ्यात टाक, असं तिथे सांगता यायचं. मी रोज नवे नियम लिहायची. आज आलेला पत्ता बंद केला की उद्या तोच माणूस नव्या नावानं हजर. चारशे पत्ते मी बंद केले असतील आणि कचरा जसाच्या तसा.

आबा आठवडाभर माझ्या मागे उभे राहून हे बघत होते. शेवटी म्हणाले, "तुमी पत्ता वरनं वाचताय."

"म्हणजे?"

"आवं, पत्ता खालनं वाचायचा आसतो. आमच्या डब्यात नवा पोरगा आला की आदी मानसाचं नाव वाचायचा. सदाशिव अमुक-अमुक. मी म्हनायचो, लेका, सदाशिवाचं तुला काय करायचंय? आदी राज्य बघ. मग जिल्हा, मग टपाल हापीस. सदाशिव लय हायत, वडगावं बी लय हायत. शेवटची वळ सांगती पत्र कुठलं ते."

त्यांनी कालची कचऱ्याची यादी पुढे ओढली आणि टोपण घातलेला अंगठा प्रत्येक पत्त्याच्या उजव्या टोकावर ठेवत खाली आणला. मी पाहत राहिले. डावीकडे रोज नवं नाव होतं, त्यापुढे रोज नवा आकडा होता. पण टिंबानंतरचे शेवटचे दोन तुकडे सगळ्या पत्त्यांत एकच होते.

"मुंडकं रोज नवं हाय. शेपूट तीच हाय," आबा म्हणाले. "शेपटीला धरा."

मी त्यांना तारा दाखवला. नियमात ताऱ्याची खूण घातली की त्या जागी काहीही चालतं, हे सांगितलं.

"काहीबी?"

"काहीही. कुणीही."

"म्हंजे सोम्यागोम्या," आबा म्हणाले आणि त्या दिवसापासून आमच्याकडे ताऱ्याला सोम्यागोम्याच म्हणायचे. पुढे सोम्यागोम्या आणि मागे ती शेपूट, असा एक नियम आम्ही लिहिला. माझे चारशे नियम त्या एकानं निकामी केले. दुसऱ्या दिवशी सकाळचं टपाल सहा मिनिटांत उतरलं. आबांना उभं राहायला वेळच मिळाला नाही, कारण ते उठले तोवर गाडी निघूनही गेली होती. मी त्यांच्यासाठी भडंग आणि दोन भजी मागवली. चौकटीतल्या पदवीकडे मात्र मी दिवसभर पाहिलं नाही.

याच सुमाराला आक्का यायला लागल्या. म्हसवडजवळच्या वस्तीवरच्या, पन्नाशीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांच्या वस्तीवर बारा माग होते, खड्ड्यात पाय सोडून बसायचे घोंगड्यांचे माग. मेंढरं राखायची आणि लोकर विणायची, हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. पण गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे घोंगडी कोण घेणार? उन्हाळ्यात एक परदेशी बाई गावात आली होती. तिनं घोंगडी हातात घेतली, वास घेतला, अंगावर पांघरून उन्हात उभी राहिली आणि दोन नमुने घेऊन गेली. माझ्या देशातल्या दुकानदारांना दाखवते, पसंत पडलं तर ई-मेल करते, असं म्हणाली. गावातल्या मास्तरांनी तिला आमच्या केंद्राचा पत्ता दिला. तिनंही आपला पत्ता चिठ्ठीवर दिला होता, पण आक्कांनी तो कनवटीला ठेवला आणि लोकर धुताना तो नदीला गेला.

"आता ती लिवंल तवाच," आक्का म्हणायच्या. दर पंधरा दिवसांनी दोन एस्ट्या बदलून यायच्या, काउंटरशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आलं का माजं?" मी नाही म्हणायची. श्रावण संपल्यावर आल्या तेव्हा बसल्या नाहीत. म्हणाल्या, "समद्यांनी बसून ठरवलंय. दसऱ्याला मागाची पूजा करायची आन दुसऱ्या दिवशी माग मोडायचं. पोरं ऊसतोडीला जातो म्हनत्यात. दसऱ्यापातूर आलं तर आलं."

"येईल, आक्का," मी म्हटलं. असं म्हणायला माझं काय जात होतं?

त्या गेल्यावर आबा फळीच्या मागून पुढे आले. "ही बाय आपल्याकडं किती दिस येतीया?"

"तीन महिने."

"तीन म्हैन्यात पत्र न्हाई येत, आसं व्हईल. पन त्या बाईनं लिवतो म्हनून सांगितलंया. मी घोंगडी वळखतो. जी बाई घोंगडीचा वास घेती ती पत्र न लिवता ऱ्हायची न्हाई." मग त्यांनी चष्मा लावला. "मी आटपाडीला भाच्याच्या लग्नाला गेल्तो, तवा तुमी काय नियम लिवलं?"

इथे मला माझी फुशारकी सांगितली पाहिजे. आबा आठ दिवस गावी गेले आणि मी मोकळी सुटले. शेपटीला धरायची विद्या मला आली होती. तेव्हा कुणालाही चकटफू ई-मेल पत्ता देणारी एक परदेशी सेवा जोरात होती आणि कचऱ्यातला निम्माअधिक कचरा तिथून यायचा. मी एका फटक्यात पुढे तारा आणि मागे त्या सेवेची शेपूट असा नियम लिहिला आणि तिथून येणारं सगळंच्या सगळं टपाल कचऱ्यात वळवलं. लाइन इतकी मोकळी झाली की मी स्वतःवर खूश होते. आबांना आल्यावर सांगावं, शाबासकी घ्यावी, असं मनात होतं, राहून गेलं.

मी नियम दाखवला. आबांनी तो खालून वर वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"एका घरात चोर निघाला म्हनून आख्ख्या आटपाडीचं टपाल बंद केलंसा?"

"आबा, ही आटपाडी नाही. या सेवेवर जगभरातले लाखो लोक आहेत."

"मग तर लयच झालं की!"

"कचरा तिथूनच येतो!"

"चोर बी गावातच ऱ्हातो आन मास्तर बी. फिरतीवरची बाई, तिला कुठलं हापीस? ती आसंल हितंच." त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला. "ह्यात पडलेलं परत कुठं मिळतं?"

"कुठेच नाही. तिथल्या तिथे नष्ट होतं."

आबांनी रबरी टोपण काढून टेबलावर ठेवलं. कामाच्या वेळेत ते मी पहिल्यांदाच पाहिलं. "पत्र चुकून दुसऱ्या गाडीत गेलं, आसं माझ्या हातनं लय येळा झालंय. फाडून टाकलं न्हाई कवा. ज्याचा पत्ता लागंना त्याला बी आमच्यात एक खण आसायचा. बेवारस. पर खण आसायचा."

मला राग आला होता. तो खरं तर माझाच मला आला होता, पण मी तो त्यांच्यावर काढला. नियम उठवला तर सकाळी तासभर लाइन अडेल, द्राक्षवाले दुसरीकडे जातील, मग केंद्र तुम्ही चालवणार का, असं मी बरंच काही बोलले. ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तासभर अडू द्या. मी हाय की."

त्या दिवसापासून आबांनी नियमांचा कारभार हातात घेतला. मी फक्त टंकायची. आधी परवानगीचे नियम, ज्यांचं टपाल हमखास हवं आहे त्यांचे. मग बंदीचे नियम, पण गावावर नाहीत, एकेका घरावर. ज्यानं चोरी केली त्याचाच पूर्ण पत्ता. जिथे शेपटीपासून सगळं गावच चोरांचं आहे तिथेच सोम्यागोम्या. आणि या दोन्हींतून उरेल ते कचऱ्यात नाही, एका वेगळ्या पेटीत. पेटीचं नाव बेवारस. क्रम चुकायचा नाही. "आदी बंदी लिवली आन मग परवानगी, तर परवानगीवाला दारातच मार खाईल," ते म्हणायचे. मी पदवीला असताना हे इतकं सरळ कुणी समजावलं असतं तर माझे मार्क वाढले असते.

रोज सकाळी ते बेवारस पेटीतल्या यादीसमोर बसायचे. इंग्रजी त्यांना पत्त्यापुरतं यायचं, पण पत्त्यापुरतं पुरेसं होतं. उजवीकडून डावीकडे अंगठा सरकायचा. "हा चोर. हा बी चोर. हा कालचाच, मिशी काढून आलाय." दोनशे पत्त्यांत एखादा खरा निघायचा. कुणाच्या पुण्याच्या भाच्याचा असायचा, कुणाच्या व्यापाऱ्याचा असायचा. असा एक निघाला की मी बोटं मोजायला लागायची, पण असे किती मी जाळले होते ते कळायचा मार्ग नव्हता. द्राक्षवाले कुरकुरले. एकजण गेलासुद्धा. पितृपक्ष गेला, घट बसले. आक्का त्या पंधरवड्यात आल्या नाहीत. येऊन काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असेल.

दसऱ्याला चार दिवस उरले होते. मी काउंटरवर होते. मागून खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि आबा ओरडले, "चार-एक-पाच, पाच-शून्य-नऊ!"

पिनकोड म्हसवडचा होता.

मी धावले. बेवारस पेटीत मधोमध एक ओळ होती. शेपूट त्याच चकटफू सेवेची. विषयात आक्कांचं नाव नव्हतं, आमचं नव्हतं, नुसतं 'म्हसवडची लोकर, तिसरं पत्र' अशा अर्थाचे शब्द होते. मी पत्र उघडलं. बाईनं लिहिलं होतं की आधीच्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, तेव्हा तुम्हाला रस नसावा असं समजते. पण ती घोंगडी मी रोज पांघरते, म्हणून एकदा शेवटचं विचारते. साठ घोंगड्या आणि चाळीस जेनं, म्हणजे बसायची लोकरीची आसनं, हवीत, काळ्या नैसर्गिक रंगाची, रंगवलेली नकोत. आठवड्यात होकार आला नाही तर दुकानदार दुसरीकडून माल घेणार आहेत.

आधीची दोन पत्रं माझ्या ताऱ्यानं खाल्ली होती. मी तिथेच खाली बसले आणि रडले. आबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "रडा, पन आदी पोच लिवा." मी डोळे पुसत लिहिलं की पत्र मिळालं, चूक आमची, विणकरांचं उत्तर दोन दिवसांत पाठवते. आबांनी त्या पत्राची प्रत छापली आणि शिक्का मारला. शिक्का अगदी गोल उठला.

माग मोडले नाहीत, हे इथेच सांगून टाकते. साठाच्या पुढे तीनशे झाल्या आणि ऊसतोडीला निघालेली पोरं खड्ड्यात पाय सोडून बसली. आबांच्या नियमांचीही कीर्ती झाली. पुण्याच्या मशिनवाल्यांनी एकदा फोन करून विचारलं की सगळ्या खात्यांत तुमच्याकडेच कचरा कमी कसा आणि तरीही एकाही खऱ्या पत्राची तक्रार नाही, हे नियम लिहितो कोण? मी म्हटलं, आमचे एक तज्ज्ञ आहेत. दोन इंजिनिअर गाडी करून तज्ज्ञाला बघायला सांगलीला आले. तज्ज्ञ धोतर खोचून फळीवरची धूळ झाडत होते. तासाभरानं ते दोघे वहीत लिहून घेत होते आणि आबा त्यांना सांगत होते, "आदी परवानगी. लिवलंसा का? मग बंदी. आन बेवारस खण ठिवल्याबिगर डब्यात चढायचं न्हाई." जाताना एकानं त्यांना वाकून नमस्कार केला. मी तेव्हा इतकी फुगले होते की जणू त्यांना मीच घडवलं होतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या चार दिवसांतल्या दुसऱ्या दिवसाचं.

वस्तीवर फोन नव्हता. गावातल्या मास्तरांना तार करावी असं माझ्या मनात होतं. आबा म्हणाले, "तार नगं. मी जातो." त्यांचं वय, ती दोन गाड्यांची रखडपट्टी बघून मी केंद्राला कुलूप लावलं आणि बरोबर निघाले. आटपाडीला गाडी बदलायची होती. स्टँडवर त्यांना ओळखीचे चारजण भेटले, घरी चला म्हणाले. आबांनी खाकी पिशवी छातीशी धरली आणि म्हणाले, "आज न्हाई रं गड्या. टपाल हाय संगट."

पुढच्या गाडीत माळरान सुरू झालं, बाभळी आणि मेंढरं. आबा खिडकीशी बसून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "ताई, एक सांगू?" पिनकोड आणि 'पुनेकर' सोडून त्यांनी मला मारलेली ही पहिली हाक.

"सांगा की."

"सारी नोकरी मी डब्यात हुबं ऱ्हाऊन केली. लाखानं पत्रं ह्या हातनं गेली. लगनाची गेली, मयताची गेली, नोकरी लागल्याची गेली. पन पिशवी बांधायची, फलाटावर टाकायची आन गाडी सुटायची. पत्र घेतल्यावर मानसाचं तोंड कसं हुतं, ते मी बघितलंच न्हाई कवा. ते पोस्टमनाच्या नशिबात. तुमच्याकडं आलो तर तितंबी फळीच्या मागंच. खणातनं नुसता हात दिसतो."

मी म्हटलं, "आज बघाल."

"व्हय. म्हनून तर आलोय."

आणि एवढं ऐकूनही मी जे केलं ते केलं. वस्तीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात चुलवणावर चिंचोक्याची खळ शिजत होती. आक्का भिंतीजवळ ताणलेल्या लोकरीच्या ताण्याला ती खळ फासत होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. आतून मागांचा आवाज येत होता. आबा कुंपणाशी थांबून पिशवीचा बंद सोडत होते. मला राहवलं नाही. मी तिथूनच ओरडले, "आक्का! ऑर्डर आली! साठ घोंगड्या!"

मग काय विचारता. माग थांबले, माणसं खड्ड्यातून वर आली, पोरं धावली, बायका रडायला आणि हसायला लागल्या. कुणीतरी आबांच्या हातातला कागद ओढून घेतला, तो या हातातून त्या हातात गेला, उलटा-सुलटा पाहिला गेला. एका म्हाताऱ्यानं भंडारा उधळला. आक्का मला खळीच्या हातांनी मिठी मारून उभ्या होत्या आणि माझी साडी पाठीला चिकटली होती. मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. आबा कुंपणाशी रिकाम्या पिशवीनिशी तसेच उभे होते. ते मला दिसले तेव्हा कुठे मला गाडीतलं त्यांचं बोलणं आठवलं.

गलका जरा ओसरला तसे ते पुढे आले. "आक्का," ते म्हणाले, "तेवढा कागद जरा परत द्या."

"का वं, आबा? काय चुकलं का?"

"चुकलं काय न्हाई. परत देतो."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. त्यांनी पोराच्या हातून कागद घेऊन आबांना दिला. आबांनी तो नीट घडी घालून पिशवीत ठेवला, बंद बांधला, अंगण ओलांडून कुंपणाबाहेर गेले आणि तिथून वळून खणखणीत हाक दिली, "टपाऽल!"

कुणी हसलं नाही. आक्कांनी रांजणातलं पाणी घेऊन दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि चालत कुंपणापाशी गेल्या. आबांनी पिशवी उघडली. पत्र काढलं. आक्कांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि उघडून त्या न कळणाऱ्या अक्षरांकडे पाहिलं. शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग वर बघून म्हणाल्या, "आता वाचा की."

"जरा थांबा," आबा म्हणाले. "बघू द्या."